पालींनी सोडलेली जागा

१

डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं त्या दिवशी दादाने फोन करून पहिला प्रश्न विचारला, "चिमे, तीन आठवडे पाली सांभाळशील?" डोळ्यांबद्दल तो नंतर बोलला, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, पण दादासाठी अजून चिमीच. माझं कपडे दुरुस्त करून देण्याचं लहानसं दुकान आहे. चेन बदलायची, पँट आखूड करायची, बाह्या आत घ्यायच्या, असली कामं. दुकान बंदची पाटी लावली आणि बॅग भरायला घेतली. आमच्या ह्यांनी टोमणा मारलाच.

"एक पाल दिसली तर खुर्चीवर चढतेस, आणि आता तीस पालींची आया व्हायला निघालीस."

"एकतीस," मी म्हटलं.

दादा एकटा राहतो. छपाईच्या कारखान्यात तो रंग जुळवायचं काम करायचा. नमुन्यातला निळा आणि छापलेला निळा यांत केसाएवढा फरक असला तरी तो दाराबाहेरून ओळखायचा. आता तेच डोळे दगा देत होते. ऑपरेशन जमलं नाही तर दादा त्या घरात एकटा राहू शकेल का, याचा मला घोर लागला होता. त्याचं उत्तर तयार होतं. "मी इथेच राहणार. घर मला हातांनी पाठ आहे." मी मनाशी ठरवलं की तीन आठवडे घर नीट बघायचं आणि मग काय ते त्याला स्पष्ट सांगायचं.

मागची मोठी खोली पालींची होती. काचेचं दार, खिडक्यांना बारीक जाळी, एका कोपऱ्यात कुंड्यांची दाटी आणि ओल, दुसऱ्या कोपऱ्यात वाळू, दगड आणि गरम दिवा. त्या एका खोलीत सहा जाती. भिंतीवर न चढता येणाऱ्या, वाळूत राहणाऱ्या चार बिबट्या पाली. दिवसा हिंडणाऱ्या पाच हिरव्यागार. डोळ्यांवर काटेरी झालर असलेल्या पाच कलगीवाल्या. वाळक्या पानासारख्या शेपटीच्या तीन, ज्या खोडाला चिकटल्या की हात लागेपर्यंत दिसायच्या नाहीत. बोटाएवढ्या बारक्या बारा, सगळ्या माद्या, ज्यांना अंडी घालायला नर लागतच नाही. आणि 'टोके' जातीचे दोन, हातभर लांब, राखाडी अंगावर केशरी ठिपके आणि आवाज असा की कुणी आतून दार ठोठावतंय.

दारावर दादाच्या अक्षरातल्या सूचना होत्या. पानांवर पाणी फवारणे. रातकिडे कॅल्शियमच्या पुडीत घोळून देणे. कलगीवाल्यांना कुस्करलेलं फळ. शेवटची ओळ अशी होती: "रोज संध्याकाळी सहाला, खाणं देण्याआधी, दारात उभं राहून कागदावर खुणा करणे. एकही दिवस चुकवू नये."

बाजूला कागदांचा गठ्ठा होता. प्रत्येक कागदावर चार भिंती, छत आणि जमीन, खोकं उलगडल्यासारखी आखलेली. सहा रंगांच्या पेन्सिली. जी पाल जिथे बसली असेल तिथे तिच्या रंगाचा ठिपका द्यायचा. फोनवर दादा फक्त तेवढंच विचारायचा.

"कुठे दाटी आहे, कुठे मोकळं आहे?"

मी सांगायची. तो "बरं" म्हणायचा आणि झोपायला जायचा. आजारी माणसाचा हट्ट, मी म्हटलं.

२

पहिले तीन दिवस त्या खोलीतली शांतता मला फार आवडली. हातभर लांब टोके भिंतीवर पसरलेला असायचा आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर ती बोटाएवढी बारकी पाल डोळा चाटत बसलेली असायची. कुणी कुणाच्या वाटेला जात नव्हतं. आमच्या इमारतीत इतका सलोखा असता तर, असं मनात आलं.

चौथ्या दिवशी मी दिवसभराच्या कामानंतर आधीचे तिन्ही कागद एकावर एक ठेवून नीट करत होते. सवयीने ते खिडकीच्या काचेवर धरले. शिवणकामात आम्ही तसंच करतो, एक कागद दुसऱ्यावर ठेवून उजेडात आकार जुळतो का बघतो.

प्रत्येक कागदावर ठिपक्यांच्या मध्ये एक मोकळी जागा होती. पहिल्या दिवशी ती कुंड्यांच्या भिंतीवर, दुसऱ्या दिवशी छतावर, तिसऱ्या दिवशी निम्मी भिंतीवर आणि निम्मी जमिनीवर. कागद फिरवून मी एक जागा दुसरीवर आणली. कडा जुळल्या. लांबट, खाली रुंद, वर निमुळती होत गेलेली. खोलीच्या मापाने धरली तर एखाद्या मोठ्या माणसाच्या शर्टाचा पाठीचा भाग कापून ठेवावा एवढी.

मी कागद खाली ठेवले. एकतीस ठिपके मोठ्या खोलीत टाकले की कुठेतरी जागा उरणारच, हे मी स्वतःला समजावलं. पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. सहा वाजता दारात उभी राहिले तेव्हा मी आधी पाली बघितल्या नाहीत. मोकळी जागा शोधली.

ती खिडकीच्या वरच्या भिंतीवर होती. पांढरी, रिकामी भिंत. तिच्या भोवती सगळ्या जातींच्या पाली बसल्या होत्या आणि प्रत्येकीचं तोंड तिच्याकडे होतं. खाली वाळूतल्या चार बिबट्याही माना वर करून तिकडेच बघत होत्या.

मी रातकिड्यांचा डबा आत सारला आणि दार लावून घेतलं.

३

शनिवारी पालींची डॉक्टरीणबाई आली. दर महिन्याला ती तपासायला यायची. चाळिशीची, बडबडी, गुडघ्यावर बसून पालींशीसुद्धा बोलणारी. तिने दोन वेळा मोजलं.

"ताई, तीस आहेत. बारक्यांपैकी एक नाही."

दादाला मी शब्द दिला होता, एकही हरवू देणार नाही. आम्ही कुंड्या हलवल्या, दगड उचलले. एका कलगीवालीची शेपूट तेवढी सापडली, गळून पडलेली. या जातीची शेपूट एकदा गेली की परत येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाली.

"टोकेने खाल्ली असेल बारकी. मी तुमच्या भावाला सात वर्षं सांगतेय. हिला कोरडं लागतं, तिला ओल लागते, त्या हिरव्यांना दिव्याचं ऊन लागतं. एकीचे जंतू दुसरीला बाधतात. सहा जाती एका खोलीत म्हणजे सहा सासवांना एक स्वयंपाकघर."

"पण या भांडत कशा नाहीत?"

तिने हातातला दगड खाली ठेवला. "तेच मला कळत नाही. इतकी शिस्त मी शाळेतसुद्धा बघितली नाही."

"मग वेगळ्या करायच्या का?"

"आजच करा. मी पेट्या पाठवते."

दादाच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं. त्याला त्रास नको म्हणून मी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर, मला ती खोली रिकामी व्हायला हवी होती.

४

पेट्या दुपारी आल्या. दिवाणखान्यातल्या टेबलावर आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मी त्या मांडल्या. डॉक्टरीणबाईने पाली पकडून दिल्या, मी पेट्या उचलून नेल्या. ये-जा करायची म्हणून काचेचं दार उघडंच ठेवलं होतं, विटेचा टेकू लावून. दोन-अडीच तास ते तसंच होतं. शेवटी फक्त कुंड्या, वाळू आणि दिवा उरला. मी दार लावलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी पेट्यांमध्ये नुसती धडपड. हिरव्या काचेवर उड्या मारत होत्या, टोके दार ठोठावल्यासारखे ओरडत होते. नवीन जागा, मी म्हटलं, सवय होईल.

गडबडीत त्या मागच्या खोलीत अळ्यांचं एक ताट राहून गेलं होतं. मी ते तसंच राहू दिलं. मनात पक्कं होतं की उद्या ते भरलेलं दिसेल, आणि मग मी माझ्या त्या कागदांवर स्वतःच हसेन.

दुसऱ्या दिवशी ताट भरलेलंच होतं. एक अळीसुद्धा कमी नव्हती. मी खरंच हसले. ह्यांना फोन करून सगळं सांगितलं, मोकळ्या जागेचंसुद्धा.

"तू शिवणकाम कर बाई," हे म्हणाले. "रिकामं डोकं पालींना देऊ नकोस."

५

सोमवारी दादाचा फोन आला. आवाज खोल गेलेला होता. ऑपरेशन फसलं होतं. उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, बाकी काही नाही. गुरुवारी घरी सोडणार होते.

मी नाक ओढलं. तोच म्हणाला, "रडू नकोस. पाली कशा आहेत?"

मी सगळं सांगितलं. बारकी हरवल्याचं, पेट्यांचं. त्याने मध्येच अडवलं.

"दार बंद होतं ना?"

"सामान न्यायला थोडा वेळ उघडं होतं."

"किती वेळ?"

"दोन तास. अडीच."

पलीकडे कुणी नर्स काहीतरी बोलली, त्याने तिला थांबायला सांगितलं असावं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मग आता मोकळी जागा कुठे आहे ते तुला कळणार कसं, चिमे?"

"दादा, त्या जागेत काय आहे?"

"मला माहीत असतं तर मी कागद कशाला रंगवले असते? सगळ्यांना परत सोड. आधी मागच्या खोलीत सोड आणि बघ."

६

मी तेव्हाच सगळ्यांना परत सोडलं. सहा वाजता कागद-पेन्सिल घेऊन दारात उभी राहिले.

पाली खोलीभर पसरल्या होत्या. छतावर, चारही भिंतींवर, कुंड्यांवर, सगळीकडे सारख्या. मी ठिपके देत गेले. कागद पुरा झाला, आणि त्यावर शर्टाच्या पाठीसारखी मोकळी जागा कुठेच नव्हती. कुणाचं तोंड इकडे, कुणाचं तिकडे. मला वाटलं, चला, सुटले.

तेवढ्यात टोके धावला. एका कलगीवालीला त्याने मानेला धरलं आणि झटकलं. हिरव्यांपैकी दोघी एकमेकींना चावत खाली पडल्या. बारक्या सैरावैरा पळाल्या. डॉक्टरीणबाईने जे होईल म्हणून सांगितलं होतं ते सगळं सात वर्षांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांदेखत होत होतं. मी हातमोजे घालून टोकेंना पेटीत टाकलं तेव्हा कुठे ते थांबलं.

सात वर्षं या भांडल्या नाहीत, कारण त्यांना भांडायला सवड नव्हती. सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. आणि ती गोष्ट आता खोलीत नव्हती.

काचेचं दार लावून मी वळले. समोर दिवाणखाना होता. दादाची खुर्ची, टेबल, टेबलावर माझं शिवणाचं सामान, आणि दादाने स्वतः चिकटवलेला रेघारेघांचा भिंतकागद. फिकट निळी रेघ, मग पिवळसर रेघ, जमिनीपासून छतापर्यंत. पेट्यांची वर्दळ सुरू झाल्यापासून मी याच खोलीत जेवत होते, याच खोलीत कोचावर झोपत होते.

७

मंगळवारी मी घर स्वच्छ करायला काढलं. अंधारात वावरणाऱ्या माणसासाठी वाटा मोकळ्या हव्यात, हे कारण खरंच होतं. पण हातात लांब दांड्याचा झाडू घेऊन मी प्रत्येक भिंत खालून वर ठोकत गेले, ते काही जळमटांसाठी नाही.

टक, टक, टक. भिंतीचा आवाज. स्वयंपाकघरात टक टक. दादाच्या झोपायच्या खोलीत टक टक. दिवाणखान्याच्या लांब भिंतीवर टक, टक, आणि मग काहीच नाही. दांडा टेकला, पण उशीवर टेकावा तसा.

मी दांडा तिथेच धरून उभी राहिले. समोर निळी रेघ, पिवळी रेघ, सगळं जागच्या जागी. भिंतकागद आतून सुटून फुगला असेल, ओल आली असेल. असं होतं जुन्या घरात. मी दांडा हळूच मागे घेतला आणि दुसऱ्यांदा ठोकलं नाही. दिवसभर मी त्या भिंतीकडे पाठ करून बसले नाही, एवढंच.

संध्याकाळी ह्यांना फोनवर म्हटलं, "दादाला आपल्याकडे आणू या."

"आण की. मी कधी नाही म्हटलंय? माझी खुर्ची देतो त्याला. पाली सोडून ये म्हणजे झालं."

दवाखान्यात फोन केला तर दादा मात्र ऐकेना. "तुझ्या घरात मी पाहुणा असेन. तिकडे मला पाणी हवं असलं तरी हाक मारावी लागेल. इथे मी माणूस आहे." मग हळूच, "आणि मी नसलो तर त्याचं काय?"

कुणाचं, हे मी विचारलं नाही.

८

गुरुवारी चारच्या सुमारास दादा घरी आला. काळा चष्मा, वाळलेले हात. दारातून आत आल्यावर त्याने माझा हात सोडला, टेबलाची कड चाचपली आणि न अडखळता आपल्या खुर्चीत जाऊन बसला. लांब भिंतीला टेकलेली खुर्ची. मी काल ती सरकवायला हवी होती. सरकवली नव्हती, कारण त्यासाठी भिंतीजवळ जावं लागलं असतं.

"दादा, इकडे कोचावर बस ना."

"इथे बरं आहे. मागच्या खोलीचं दार उघड. टोकेंनाही पेटीतून सोड. घराच्या बाहेरच्या खिडक्यांना जाळी आहे, कुठे जात नाहीत."

मी दार उघडलं. आधी बारक्या आल्या, दाराच्या चौकटीवरून एकामागून एक. मग हिरव्या, मग कलगीवाल्या, पानशेपट्या. टोके जमिनीवरून आले. बिबट्यांना मी उचलून फरशीवर ठेवलं. सहा वाजेपर्यंत त्या दिवाणखानाभर बसल्या होत्या आणि कुणी कुणाला चावत नव्हतं.

"सांग," दादा म्हणाला.

"खिडकीच्या भिंतीवर हिरव्या चार. दारावर एक. छतावर, दिव्यापलीकडे, टोके दोन्ही. बारक्या पडद्याच्या दांडीवर..."

"दाटी ऐकली. मोकळं कुठे?"

दादाच्या खुर्चीमागे, त्याच्या डोक्यापासून छतापर्यंत, लांब भिंतीवर एकही पाल नव्हती. बाकी सगळ्या तिकडे तोंड करून बसल्या होत्या. फरशीवरच्या बिबट्याही.

"चिमे, मोकळं कुठे?"

"स्वयंपाकघराकडे," मी म्हटलं.

दादा हसला. "सात वर्षं मी ते बघायचा प्रयत्न केला गं. रंग जुळवण्यात आयुष्य गेलं माझं. म्हटलं, कुठेतरी छटा चुकेल. एकदाही चुकली नाही. पांढरी भिंत असली तर पांढरा, सावली पडली तर सावलीसकट." त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "एकदा दिसावं, एवढंच होतं. आता ते राहिलंच. तुला दिसलं तर सांग मला. मला नुसतं ऐकायचंय."

मी त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघितलं. रंगात खरंच चूक नव्हती. निळी रेघ निळीला मिळत होती, पिवळी पिवळीला. पण मला रंगातलं कळत नाही, रेघांचं कळतं. रेघांचं कापड घडी करून टेबलावर ठेवलं तर रेघा एक प्रकारे दिसतात आणि तेच कापड कुणी अंगात घातलं की दुसऱ्या प्रकारे. किंचित गोलाई येते. छातीवर रेघा एकमेकींपासून लांब जातात, पुन्हा जवळ येतात. श्वासाबरोबर.

दादाच्या डोक्यावरच्या रेघा कुणीतरी अंगात घातलेल्या होत्या.

मी बघत राहिले. वरच्या टोकाला दोन रेघांवरून ओलं काहीतरी एकदाच, सावकाश फिरलं. त्या दोन रेघा क्षणभर चमकल्या आणि मग चमकेनाशा झाल्या.

"काही नाही दिसत, दादा."

"मग मान वर करून काय बघतेयस? तुझा आवाज छताकडून येतोय."

दादाचे हात मांडीवर शांत होते. त्याने मागे वळून बघितलं नाही, बघून उपयोगही नव्हता.

"माझ्यापासून किती वर आहे?"

"हात वर केलास तर लागेल. करू नकोस."

"नाही करत." त्याने श्वास सोडला. "तू निघ आता. शेवटची गाडी सातची ना तुझी? मला माझं घर पाठ आहे."

दादा घरी आला की मी निघायचं असं ठरलं होतं, म्हणून माझी बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. मी तिच्याकडे बघितलं. ह्यांनी जेवायला थांबेन म्हणून सांगितलं होतं. मी निघाले असते तर दादाने मला कधीच बोल लावला नसता, हे मला माहीत आहे. पण मग रोज सहा वाजता या खोलीत तीस पाली एका जागेकडे बघत बसल्या असत्या, आणि ती जागा कुठे आहे हे त्याला सांगायला कुणी नसतं.

टेबलाजवळची खुर्ची मी उचलली. ओढली नाही, आवाज झाला असता. दादाच्या शेजारी, भिंतीला लागून ठेवली आणि बसले.

"घाबरली नाहीस?"

"घाबरलेय." मी त्याचा हात हातात घेतला. "रेघा आहेत, दादा. तुझ्याच भिंतकागदाच्या. पण सरळ नाहीत."

त्याने माझा हात घट्ट धरला आणि लहान मुलासारखा ऐकू लागला. मी हळू आवाजात सांगत गेले. समोर छतावरचे टोके, दारावरची हिरवी, पडद्यावरच्या बारक्या, फरशीवरच्या बिबट्या, सगळ्या एकाच वेळी वीतभर मागे सरकल्या आणि त्यांनी आम्हा तिघांसाठी जागा केली.